ऑपरेशननंतर पोटात आतडी चिकटू नयेत म्हणून काय करता येतं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. बहिणीचं वय ४३. कॉलेजात असताना अपेंडिक्स फुटलं म्हणून पोट उघडून ऑपरेशन झालं, पुढे दोन सिझेरियन. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळी ‘आत बरंच चिकटलंय’ असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आता गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी आहेत, पाळीत अंगावरून फार जातं, हिमोग्लोबिन उतरलंय, आणि पिशवी काढून टाका असा सल्ला मिळालाय. तुम्ही विचारताय की या ऑपरेशननंतर आतडी आणखी चिकटू नयेत म्हणून कुठली गोळी, कुठला व्यायाम, कुठलं पथ्य करावं.

गोळी, व्यायाम आणि पथ्य या तिन्हींचा यात उपयोग जवळजवळ नाही. आतडी चिकटणार की नाही, हे बहुतांशी ऑपरेशन टेबलावर आणि त्यानंतरच्या आठवडाभरात ठरतं. पेशंट घरी येऊन पथ्यपाणी सुरू करतो तोवर आतला निकाल लागत आलेला असतो. म्हणून तुम्हाला जे काही करायचंय ते ऑपरेशनच्या आधी करायचंय. त्यातलं बरंचसं डॉक्टरांना नीट प्रश्न विचारण्याचं आणि जुने कागद शोधून काढण्याचं काम आहे.

आधी हे होतं कसं ते बघू, कारण ते कळलं की बाजारातले निम्मे उपाय आपोआप गळून पडतात.

पोटाच्या भिंतीला आतून आणि आतडी, गर्भाशय, मूत्राशय यांना वरून एक पातळ, ओलसर, चकचकीत अस्तर असतं. त्याला पेरिटोनियम म्हणतात. त्याचा वरचा थर एकाच पेशीच्या जाडीचा असतो. बोटानं जरा जोरात घासलं, कोरड्या कापडानं पुसलं, दिव्याखाली तासभर सुकू दिलं, तरी तो थर खरवडला जातो. खरवडलेल्या जागेतून काही तासांत एक चिकट द्रव पाझरतो, त्यात फायब्रिन (रक्ताची गुठळी ज्या तंतूंची बनते ते प्रथिन) असतं. शेजारी आतड्याचं दुसरं वेटोळं असंच खरवडलेलं असेल तर दोन्ही त्या फायब्रिननं एकमेकांना धरतात. पतंगाच्या कागदाला लावलेली खळ ओली असेपर्यंत कागद अलगद सुटतो, एकदा वाळली की फाटतो पण सुटत नाही. इथंही तसंच आहे. निरोगी पेरिटोनियमकडे फायब्रिन विरघळवायची स्वतःची व्यवस्था असते, आणि बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत ते विरघळून जातंही. पण जिथं रक्तपुरवठा तुटलाय, कॉटरीनं (रक्त थांबवायच्या विजेच्या उपकरणानं) जाळलंय, पू किंवा रक्त साचलंय किंवा बाहेरची वस्तू राहिलीय, तिथं ही व्यवस्था लंगडी पडते. फायब्रिन राहतं, त्यात तंतू बनवणाऱ्या पेशी शिरतात, कोलॅजन (व्रणातलं चिवट प्रथिन) तयार होतं, पुढे त्यात रक्तवाहिन्याही येतात. आठवड्याभरात ‘ओली खळ’ जाऊन कायमचा पट्टा तयार होण्याची सुरुवात झालेली असते. यालाच आम्ही अ‍ॅढिजन्स म्हणतो.

कातडीवरची जखम कडांकडून आत भरत येते, म्हणून मोठ्या जखमेला जास्त दिवस लागतात. पेरिटोनियम तसं भरत नाही. त्याची नवी पेशी-चादर सगळ्या पृष्ठभागावर एकदमच उगवते. त्यामुळे रुपयाएवढा ओरखडा असो की तळहाताएवढा, साधारण आठवडाभरात दोन्ही भरतात. हॅरॉल्ड एलिस या ब्रिटिश सर्जननी १९६० च्या दशकात प्रयोगांतून दाखवलं की अस्तराची फाटलेली जागा तशीच उघडी ठेवली तर ती बहुधा स्वच्छ भरते, आणि ओढून-ताणून टाके घालून बंद केली तर तिथंच आतडं येऊन चिकटतं. कारण ताणलेल्या टाक्यांखाली रक्त पोचत नाही. तोवर पेरिटोनियमची प्रत्येक फट शिवून ‘नीटनेटकं’ करणं हे चांगल्या हाताचं लक्षण मानलं जाई. आता पोट बंद करताना पेरिटोनियमला वेगळे टाके घालायची गरज नाही असं बहुतेक सर्जन मानतात. सिझेरियनच्या बाबतीत मात्र यावर स्त्रीरोगतज्ज्ञांत अजून दुमत आहे.

आता हे किती जणांना होतं? एलिस आणि त्यांचे सहकारी मेन्झिस यांनी १९९० मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. पूर्वी पोटाचं ऑपरेशन झालेल्या आणि पुन्हा पोट उघडावं लागलेल्या पेशंटांपैकी ९३ टक्के लोकांच्या पोटात चिकटलेले भाग सापडले. ज्यांचं पोट पहिल्यांदाच उघडलं जात होतं त्यांच्यात हे प्रमाण सुमारे १० टक्के होतं. (आपल्याकडे न उघडलेल्या पोटात खूप चिकटलेली आतडी दिसली तर पोटाचा क्षयरोग, एन्डोमेट्रिओसिस किंवा ओटीपोटातला जुना जंतुसंसर्ग यांचा विचार करावाच लागतो.) म्हणजे चिकटणं हा जवळजवळ नियमच आहे. पण यातल्या बहुतेकांना जन्मभर त्याचा पत्ताही लागत नाही.

त्रास किती जणांना होतो हे बघायला स्कॉटलंडमधली नोंद उपयोगी आहे. १९८६ मध्ये पोट किंवा ओटीपोट उघडून ऑपरेशन झालेल्या सुमारे ३० हजार पेशंटांचा १० वर्षं माग ठेवला गेला. त्यातले साधारण एक तृतीयांश चिकटण्याशी संबंध असलेल्या किंवा असू शकेल अशा त्रासासाठी, किंवा चिकटण्यामुळे अवघड होऊ शकेल अशा ऑपरेशनसाठी पुन्हा दवाखान्यात भरती झाले, पण थेट चिकटण्यामुळेच झाल्या अशा भरत्या या एकूण भरत्यांच्या ५.७ टक्के होत्या. एकूण भरत्यांपैकी पाचांतल्या एकीहून थोड्या अधिक भरत्या पहिल्या वर्षातल्या होत्या, बाकीच्या पुढच्या नऊ वर्षांवर पसरलेल्या. त्यामुळे ‘ऑपरेशनला आठ वर्षं झाली, आता काय होणार’ हे म्हणणं खरं नाही. तसंच ‘चिकटलंय’ हा शब्द ऐकला की झोप उडवून घेण्याचंही कारण नाही.

आता तुमच्या बहिणीबद्दल. इथं मी सर्वांत जास्त वेळ घेणार आहे, कारण खरा फरक इथंच पडतो.

पहिला प्रश्न: पिशवी काढायचीच आहे का? मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही, कागद न बघता मत देणार नाही. पण आधीच तीनदा उघडलेलं पोट चौथ्यांदा उघडण्याआधी हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे. गाठी कुठं आहेत, किती मोठ्या आहेत, पोकळीत वाढल्यात की भिंतीत की बाहेरून लोंबतायत, यावर उत्तर अवलंबून असतं. पोकळीतली छोटी गाठ खालून दुर्बीण घालून काढता येते, पोटाला हातही लावावा लागत नाही. रक्तस्राव हीच मुख्य तक्रार असेल तर गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी तांबीसारखी वस्तू गर्भाशयात बसवून बऱ्याच जणींचं भागतं. पाळी जायचं वय चार-पाच वर्षांवर आहे, त्यानंतर गाठी बहुधा आक्रसतात. या सगळ्याला वाव नसेल, गाठी फार मोठ्या असतील, कर्करोगाची शंका असेल, रक्त चढवूनही भागत नसेल, तर ऑपरेशन करायलाच हवं. तेव्हा चिकटण्याच्या भीतीनं ते टाळू नका.

हे मी मुद्दाम लांबवून लिहितोय, कारण आपल्या राज्यात ‘पिशवी काढून टाका’ हा सल्ला फार स्वस्त झालाय. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार महिलांची सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. पाळीच्या दिवसांत तोडीवरचा खाडा परवडत नाही म्हणून तिशीच्या आतबाहेरच्या बायकांची पोटं उघडली गेली. त्यातल्या किती जणींना पुढे पोटदुखी, आतडी अडकणं असला त्रास झाला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. टाळता येण्यासारखं ऑपरेशन टाळलं की त्याच्यामागून येणारं चिकटणंही टळतं. त्याहून खात्रीचा उपाय वैद्यकशास्त्राकडे नाही.

दुसरा प्रश्न: ऑपरेशन करायचं, तर कुठल्या वाटेनं? तीन वाटा आहेत. पोट उघडून, दुर्बिणीतून, किंवा योनीमार्गानं. योनीमार्गात पोटावर छेदच नसतो, आतड्यांना फारसा हात लागत नाही, म्हणून चिकटण्याच्या दृष्टीनं ती वाट उत्तम. ‘सिझेरियन झालंय म्हणजे खालून होणार नाही’ असं तुम्हाला कुणी ठाम सांगेल. ते तितकंसं खरं नाही. मुंबईच्या डॉ. शिरीष शेठ यांनी सिझेरियन झालेल्या स्त्रियांतही ही वाट कशी सुरक्षितपणे घेता येते हे सविस्तर मांडलेलं आहे. अडचण मूत्राशयाची असते. सिझेरियनच्या जुन्या व्रणाला ते चिकटून वर ओढलं गेलेलं असतं आणि सोडवताना त्याला भोक पडू शकतं. गाठी फार मोठ्या असतील किंवा आत जास्त चिकटल्याचा संशय असेल तर ही वाट सोडावी लागते. जो सर्जन हे काम नियमित करतो त्यालाच ते जमतं, त्यामुळे ‘तुम्ही अशा किती केसेस खालून करता?’ असं सरळ विचारा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

दुर्बिणीचं ऑपरेशन दुसऱ्या क्रमांकावर. स्कॉटलंडमधल्याच नंतरच्या, २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात पाच वर्षांत थेट चिकटण्यामुळे पुन्हा भरती व्हावं लागलेल्यांचं प्रमाण दुर्बिणीच्या गटात १.७ टक्के आणि उघड्या ऑपरेशनच्या गटात ४.३ टक्के होतं. फायदा खरा आहे, पण दुर्बिणीनं केलं म्हणजे चिकटतच नाही असं नाही. आणि जुने टाके असलेल्या पोटात दुर्बिणीची पहिली सुई किंवा नळी बेंबीशी आंधळेपणानं घातली तर खाली चिकटलेल्या आतड्याला भोक पडू शकतं. म्हणून अशा पेशंटमध्ये बरेच सर्जन डाव्या बरगडीखालून, पामर पॉइंट म्हणतात त्या जागेतून आत शिरतात. तिथं सहसा काही चिकटलेलं नसतं.

तिसरी गोष्ट कागदांची. अपेंडिक्सच्या आणि दोन्ही सिझेरियनच्या ऑपरेशन नोट्स मिळवा. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ असते, ती पुरत नाही. आत काय दिसलं, काय कशाला चिकटलं होतं, कुठून आत शिरले, हे नोट्समध्ये असतं. चिकटलेलं पोट दुसऱ्यांदा उघडताना सर्जनला सर्वांत जास्त धोका असतो तो आतडं चुकून फाटण्याचा. नेदरलँड्समधल्या एका मोठ्या अभ्यासात, ज्यांच्यात चिकटलेलं सोडवावं लागलं अशा दहांतल्या साधारण एकाला आतड्याला इजा झाली, ज्यांच्यात सोडवावं लागलं नाही त्यांच्यात एकालाही नाही. हे आधी माहीत असलं की सर्जन वेळ जास्त धरतो, जोडीला पोटाचा सर्जन बोलावून ठेवतो, रक्ताची सोय करतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत स्त्रीरोगतज्ज्ञांनी जनरल सर्जनला हाताशी ठेवलं तर मला बरं वाटेल. फुटलेल्या अपेंडिक्सचं पोट हे नुसत्या सिझेरियनच्या पोटापेक्षा जास्त चिकटलेलं असतं, कारण तिथं पू होता.

आता थिएटरमध्ये काय करतात. हे तुमच्या हातात नाही, पण माहीत असलेलं बरं.

पहिलं म्हणजे हात हलका. आतडी गरजेपेक्षा जास्त चिवडायची नाहीत, चिमट्यात धरून ओढायची नाहीत, पोटाबाहेर काढून वाऱ्यावर ठेवायची नाहीत. ठेवावी लागली तर कोमट सलाइनमध्ये भिजवून पिळलेल्या मॉपमध्ये (ऑपरेशनमध्ये टिपायला वापरतात त्या कापडात) गुंडाळून ठेवायची. कोरडा मॉप म्हणजे त्या एक पेशी जाडीच्या थरावर सॅंडपेपरच. निवासी डॉक्टर शिकत असतात तेव्हा त्यांना सर्वांत जास्त वेळा ओरडा या कोरड्या मॉपवरून बसतो, आणि तो बसायलाच हवा. मग रक्तस्राव नीट थांबवणं. साचलेलं रक्त म्हणजे फायब्रिनचं कोठारच, त्यामुळे गुठळ्या मागे ठेवायच्या नाहीत. पण रक्त थांबवण्यासाठी दिसेल तिथं कॉटरीनं करपवायचंही नाही, मेलेला पेशीसमूह तितकाच वाईट. बारीक टाका, नेमक्या जागी, ताण न देता. पू, पित्त, आतड्यातला मळ सांडला असेल तर भरपूर कोमट सलाइननं धुऊन शोषून घेणं. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये आत सोडलेला थंड, कोरडा वायूही अस्तर सुकवतो, म्हणून दाब आणि वेळ दोन्ही कमी ठेवावेत. गर्भाशयाच्या गाठी काढताना छेद शक्यतो पुढच्या बाजूनं घेतात. मागच्या बाजूच्या छेदाला आतडी आणि अंडाशय हमखास येऊन बसतात.

बाहेरची वस्तू हा वेगळाच मोठा विषय आहे. गॉजचे सुटलेले धागे, जाड टाके, हर्नियाची साधी जाळी थेट आतड्याला लागून बसवणं, हे सगळं चिकटण्याला आमंत्रण. आतड्याकडची बाजू न चिकटणारी असते अशा दुहेरी जाळ्या म्हणूनच निघाल्या. आणि ग्लव्हजची पावडर! आधी ती टाल्कची असे. तिच्यामुळे पोटात गाठी आणि चिकटे होतात हे लक्षात आल्यावर मक्याच्या स्टार्चची आली. ती निरुपद्रवी मानली गेली, पण तीही तशी निघाली नाही. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेनं पावडरवाल्या सर्जिकल ग्लव्हजवर बंदी घातली ती जानेवारी २०१७ पासून. आपल्याकडे काही ठिकाणी स्वस्त म्हणून पावडरवाले अजून दिसतात. तुमच्या दवाखान्यात पावडरविरहित ग्लव्हज वापरतात का हे विचारायला हरकत नाही. फार तर थोडे पैसे वाढतील.

आता अडसर (बॅरियर) म्हणून वापरायच्या वस्तूंकडे येऊ. ‘चिकटू नये म्हणून आत काहीतरी ठेवतात’ असं तुम्ही ऐकलंय, ते या. कल्पना साधी आहे. अस्तर आठवडाभरात भरतं, तर तेवढे दिवस दोन खरवडलेल्या जागा एकमेकींपासून लांब ठेवायच्या, आणि मधली वस्तू नंतर आपोआप विरघळून जावी. तीन प्रकार मुख्य आहेत.

सेप्राफिल्म ही हायलुरोनिक आम्ल आणि सेल्युलोजची पारदर्शक पापुद्र्यासारखी चादर, अमेरिकेत १९९६ पासून मान्य. पोट उघडून केलेल्या मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनांत तिनं पुढे आतडं अडकून पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर आणलं असं एकत्रित अभ्यासांत दिसलं आहे. या सगळ्यांत पेशंटच्या खऱ्या त्रासावर परिणाम दाखवणारा पुरावा तिच्याच बाजूनं जास्त आहे. मात्र आतड्याच्या ताज्या जोडावर ती गुंडाळायची नाही, तसं केलं तर जोड गळण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. शिवाय ठिसूळ असते, ओल्या हातानं धरली की चिकटून तुकडे होतात, दुर्बिणीच्या नळीतून घालणं जिकिरीचं.

इंटरसीड हे सेल्युलोजचं विणलेलं कापड, स्त्रीरोगतज्ज्ञ जास्त वापरतात. त्याची एक अट फार कडक आहे: जागा पूर्ण कोरडी, रक्ताचा थेंबही नको. रक्तात भिजलं की तेच कापड फायब्रिनला चढायला मांडव होतं आणि फायद्याऐवजी तोटा होतो. घाईच्या, रक्ताळलेल्या ऑपरेशनमध्ये ‘असू दे, टाका एक तुकडा’ म्हणून टाकण्याची ही वस्तू नव्हे.

तिसरा प्रकार द्रवाचा. ४ टक्के आयकोडेक्स्ट्रिनचं पाणी पोटात सोडून देतात, आतडी काही दिवस त्यात तरंगत राहतात. वापरायला सोपं, परिणाम बेताचा. पू असलेल्या पोटात किंवा आतडं कापून जोडलेलं असताना वापरत नाहीत. मधुमेही पेशंटमध्ये एक धोका लक्षात ठेवा. याचं विघटन होऊन रक्तात माल्टोज येतं आणि काही जुन्या पद्धतीची ग्लुकोमीटर ते साखर म्हणून मोजतात. साखर खोटीच वाढलेली दिसते, कुणीतरी इन्सुलिन देतं आणि खरी साखर धोकादायक खाली जाते. त्यामुळे त्या दिवसांत साखर प्रयोगशाळेतूनच तपासावी.

इंटरजेल नावाचं एक जेलही मध्यंतरी आलं होतं. वापरानंतर उशिरा पोटदुखी आणि इतर तक्रारी यायला लागल्यावर २००३ मध्ये ते बाजारातून काढून घ्यावं लागलं. पोटात घातलेली प्रत्येक वस्तू काहीतरी किंमत वसूल करू शकते, म्हणून नवं काही आलं की मी चार वर्षं वाट बघतो. तुमच्या बहिणीच्या बाबतीत ‘बॅरियर वापरणार का, कुठला, आणि का’ एवढं डॉक्टरांना विचारा. ते ‘नाही’ म्हणाले तर तो हलगर्जीपणा समजू नका. किंमत बरीच असते, सगळीकडे मिळतात असंही नाही, आणि हलक्या हातानं केलेल्या स्वच्छ ऑपरेशनला त्यांची भर थोडीच असते. स्टेरॉइड, हेपॅरिन, अँटिबायोटिक असलं काहीबाही धुण्याच्या पाण्यात मिसळून चिकटणं थांबतं याला पटण्यासारखा आधार नाही.

आता घरच्या गोष्टी. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात ते फुप्फुसांसाठी, पायात गुठळी होऊ नये म्हणून, आतडी लवकर जागी व्हावीत म्हणून. ते सगळं मोलाचं आहे, म्हणून चालाच. पण चालल्यानं आतडी चिकटायची थांबतात असं सिद्ध झालेलं नाही. उलटही खरं: कुणी चाललं नाही म्हणून चिकटलं, असा दोष पेशंटला देऊ नये. आपल्याकडे सासूबाई सुनेला हे ऐकवतात, म्हणून लिहिलं.

पोटपट्ट्यानं खोकताना, उठताना आधार वाटतो. तो आवळून बांधल्यानं आतलं काही ‘जागेवर बसत’ नाही, आणि सैल ठेवला म्हणून काही चिकटतही नाही. भात खाल्ला की पू होतो, वांगं-बटाट्यानं टाके पिकतात, डाळ वातूळ म्हणून महिनाभर बंद, या समजुतींना आधार नाही. अशक्त बाईला अशा वेळी प्रथिनं हवीत आणि आपण नेमकी डाळच बंद करतो.

सूज उतरायला म्हणून लिहून देतात त्या सेराटिओपेप्टिडेज किंवा ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिनच्या गोळ्या ‘चिकटू नये म्हणून’ दिल्या असं बरेच पेशंट सांगतात. पोटातून घेतलेल्या या एन्झाइमांनी अ‍ॅढिजन्स टळतात याला पुरावा नाही. सेराटिओपेप्टिडेज मुळात जपानमधून आलं, आणि तिथल्याच कंपनीनं नव्या चाचणीत उपयोग सिद्ध न झाल्यामुळे २०११ मध्ये ते स्वतःहून मागे घेतलं. आपल्याकडे मात्र चिठ्ठीवर ते आहेच. एरंडेलाचे शेक, पोट चोळून ‘गाठी मोकळ्या करणं’ हे सुद्धा नको. तयार झालेला कोलॅजनचा पट्टा बाहेरून चोळून तुटत नाही, आणि ताज्या टाक्यांवर चोळणं धोक्याचं. व्रण पूर्ण भरल्यावर कातडीवरच्या व्रणाला हलकं मालिश केलं तर तो मऊ पडतो, पण तो फक्त कातडीचा व्रण.

पुढे कधी पोट दुखलं की सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘अ‍ॅढिजन्सची शक्यता’ अशी ओळ येते आणि घरात काळजी सुरू होते. नेहमीच्या सोनोग्राफीत किंवा सीटीमध्ये हे पट्टे स्वतः दिसत नाहीत. आतडं अडकलं असेल तर त्याचे परिणाम दिसतात, म्हणजे वरचा भाग फुगलेला आणि खालचा रिकामा. नुसत्या दुखण्याचं खापर अ‍ॅढिजन्सवर फोडण्याआधी बद्धकोष्ठता, आतड्याचा संवेदनशीलपणा, लघवीचा त्रास, व्रणातली दबलेली नस, हर्निया हे सगळं तपासून घ्यावं. नेदरलँड्समध्येच जुनाट पोटदुखीच्या १०० पेशंटांवर एक चाचणी झाली, २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्यांचे चिकटलेले भाग दुर्बिणीनं सोडवले, निम्म्यांचं नुसतं आत बघून बंद केलं. वर्षभरानं दोन्ही गटांना सारखाच आराम होता. म्हणून नुसत्या दुखण्यासाठी ‘सोडवायचं’ ऑपरेशन कुणी सुचवलं तर दुसरं मत घ्याच. सोडवलेल्या जागा पुन्हा चिकटतात, आणि प्रत्येक खेपेला आतडं फाटण्याचा धोका आहेच. मूल होत नाही आणि गर्भनलिका चिकटल्यात, किंवा आतडं खरोखर अडकलंय, ही कारणं वेगळी. तिथं ऑपरेशनला अर्थ असतो.

आतडं अडकल्याची लक्षणं मात्र घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. पोटात थांबून थांबून पिळवटून येणं, पोट फुगणं, वारा आणि शौच दोन्ही बंद होणं, आणि उलटी, आधी खाल्लेलं, मग हिरवी-पिवळी. असं झालं की तोंडानं काहीही न देता दवाखाना गाठायचा. जुलाबाचं औषध, एरंडेल, घरी एनिमा यातलं काहीही नको. बंद नळीवर दाब वाढवल्यासारखं होतं. दुखणं थांबून-थांबून यायचं सोडून सतत राहिलं, ताप आला, नाडी जलद झाली, पोट हात लावू देत नाही, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तिथं तासांचा प्रश्न असतो, रात्र काढू नका.

दवाखान्यात नाकातून नळी, सलाइन, सीटी स्कॅन होतं. रक्तपुरवठा शाबूत असेल तर बहुसंख्य पेशंट ऑपरेशनशिवाय मोकळे होतात. नळीतून एक विशिष्ट डाय देऊन एक्स-रे काढतात. २४ तासांत ते मोठ्या आतड्यात पोचलं तर बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. साधारण तीन दिवसांपलीकडे वाट बघत बसणं योग्य नाही. ज्यांना एकदा असं होऊन गेलंय त्यांनी संत्र्या-मोसंबीच्या फोडी न चावता गिळणं, एका बैठकीत खूप चोथ्याचं खाणं टाळावं. चिकटून अरुंद झालेल्या जागी चोथ्याचा गोळा अडकतो.

बहिणीच्या जुन्या ऑपरेशन नोट्स आणि सोनोग्राफी मिळाली की, नाव-पत्ता झाकून, गाठींचा आकार आणि जागा इथं कळवा. योनीमार्गानं होण्यासारखं आहे का याबद्दल माझ्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारून लिहीन. तोवर हिमोग्लोबिन वाढवायला घ्या. लोहाच्या गोळ्या सोसत नसतील तर शिरेतून देतात, आणि ऑपरेशन ठरलं तरी ते दोन-तीन आठवडे फुकट जात नाहीत.